चालताना दिसू नकोस

१८ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,

अ. उ. आशीर्वाद. सूनबाईला आणि ठमीला त्यातले सारखे वाटून दे. ठमीच्या बाजूला पारडं थोडं झुकलं तरी मी तपासायला येणार नाही.

तू पाठवलेलं तिकीट ऑफिसात छापून घेतलं. आई ते रोज एकदा उलगडून बघते आणि पुन्हा घडी घालते. सोळा तास एका जागी बसायचं म्हणून शेजारणी हळहळल्या, तर तिने त्यांनाच ऐकवलं की टेलिफोन एक्स्चेंजमध्ये एकतीस वर्षं बोर्डासमोर बसले, हात वर करून बोलावलेली बदलीची बाई आल्याशिवाय कधी जागा सोडली नाही, मला सोळा तासांचं काय सांगता. आपल्या घरात अजून पत्रं लिहिली जातात तीही तिच्याच हुकमाने. फोनवर माणसं किती सराईत खोटं बोलतात ते तिने उभा जन्म ऐकलं आहे. महत्त्वाचं असेल ते कागदावर लिहा, म्हणते.

तर आता महत्त्वाचं. तिकिटावर आईसाठी चाकाची खुर्ची मागितलेली दिसते. फॉर्ममध्ये ‘अजिबात चालू शकत नाही’ या चौकोनात खूण आहे. चुकून झाली असेल म्हणून मी दोनदा वाचलं. आई दिवसातून दोनदा आपले तीन जिने चढते. वजनमाप खात्यात बावीस वर्षं मी दुकानदारांचे तराजू तपासते. दहा ग्रॅमची खोट निघाली तरी जप्त करते. आणि माझ्याच आईला खोट्या मापाने विमानात चढवायचं? ज्याचे पाय खरोखरच गेले आहेत असा कुणी त्या खुर्चीची वाट बघत बसला असेल तर? मी फार ताणते आहे का, हे काल डायरीत स्वतःलाच विचारलं. उत्तर अजून लिहिलेलं नाही.

लोभ आहेच. तो मात्र तराजूत घालू नये.

तुझी
ताई

१ मार्च

ती. ताईस,

शि. सा. नमस्कार. तुझ्या तपासणीत कमी भरू नये म्हणून नेहमीपेक्षा चार बोटं जास्त वाकून केला आहे.

चुकून नाही, समजून उमजून खूण केली आहे. आधी तीन तासांचं विमान, मग सोळा तासांचं. मधल्या विमानतळावर एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जायला आतल्या आत रेल्वे आहे, पाट्या परक्या भाषेत आणि हातात दीड तास. आई चुकली तर तिला कुठे शोधायचं? खुर्ची मागितली की माणूस येतो आणि दारापासून दारापर्यंत नेतो. ‘थोडंफार चालू शकते’ असं लिहिलं तर मध्येच कुठेतरी बाकावर बसवून निघून जातात. इथे सगळेच आपापल्या आईवडिलांसाठी हे करतात. माझ्या एका सहकाऱ्याचे वडील टेकड्या चढतात, पण विमानतळावर चार वर्षांपासून लुळे आहेत.

जागा मधल्या रांगेतली मधली मिळाली, ४१ ई. माझ्या रजेच्या तारखा तीनदा बदलल्या, तोवर कडेच्या जागा गेल्या होत्या. खिडकीतून तरी काय दिसणार, ढग. सूनबाई एक एप्रिलला, बुधवारी, बँकेत परत रुजू होते आहे. ठमी चार महिन्यांची. आई आली नाही तर आमचं काही खरं नाही. तुझा खरेपणा तू तुझ्या ऑफिसात जप, आईच्या पर्समध्ये कोंबू नकोस.

मी दिवसभर लिफ्टच्या खड्ड्यात उतरून तेल-वंगण करतो, तेव्हा जास्त शहाणपणा शिकवत नाही. लोभ चालू ठेव. मधल्या मजल्यावर अडकू देऊ नकोस.

तुझा
धाकटा

१९ मार्च

चि. धाकट्यास,

आशीर्वाद. आई काल निघाली. हे पत्र पोचेल तोवर तुझ्या घरातले डबे तिने कधीच उलटेपालटे केले असतील.

सूटकेस ऑफिसच्या शिक्का मारलेल्या तराजूवर तोलली. बावीस किलो नऊशे चाळीस. मर्यादा तेवीसची, म्हणून उरलेल्या जागेत ठमीचे मोजे बसवले. ते सव्वीस ग्रॅम भरले.

खुर्चीच्या बाबतीत मी हरले हे मान्य. पण खोटं वागायचंच तर त्यात कुणाचा अपमान तरी होऊ नये, एवढी काळजी घेतली आहे. आईला नऊ सूचनांचा कागद लिहून दिला. पासपोर्ट कुठल्या कप्प्यात, गोळ्या केव्हा, असं सगळं. त्यात खुर्चीबद्दलही एक सूचना आहे. ती लिहिल्यावर मला त्या दिवशी बरी झोप लागली.

एक गोष्ट मात्र डोक्यातून जात नाही. विमानतळावर खुर्ची ढकलायला आली ती आईच्याच वयाची बाई, आणि डाव्या पायाने चांगली लंगडत होती. तिला बघून आई उठायलाच निघाली. मी तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि तिला खाली बसवलं. थोडा जोर लावावा लागला.

पोचल्याचं तिच्याच हातचं पत्र येऊ दे. लोभ दोन्ही पारड्यांत सारखा आहे असं तुम्ही दोघांनी समजावं.

ताई

२२ मार्च

चि. मोठीस,

पोटभर आशीर्वाद. पोचले. ठमी तुझ्यावर गेली आहे. दूध पाजायच्या आधी बाटलीकडे संशयाने बघते.

तुझ्या नऊच्या नऊ सूचना पाळल्या. एकेक पुरी झाली की पेन्सिलीने खूण करत गेले. कागद पर्समध्ये आहे.

त्या सोळा तासांचं सांगते. आमच्या एक्स्चेंजमधल्या स्टुलाला मी उगाच नावं ठेवली. पुढच्या गृहस्थाने विमान वर गेल्या गेल्या पाठ मागे पाडली ती थेट उतरताना सरळ केली. त्यांच्या टकलावर डाव्या बाजूला दोन तीळ आहेत. माझे गुडघे त्यांच्या पाठीला टेकलेले, त्यामुळे ते कूस बदलायचे ते मला कळायचं. डावीकडे एक ऐसपैस बाई, उजवीकडे एक उंच माणूस. हात टेकायच्या दोन दांड्या, त्यांतली एकही माझ्या वाट्याला आली नाही. जेवण आलं तेव्हा फळी पोटाला लागली आणि कोपर हलेना, म्हणून नुसत्या मनगटाने जेवले. मग भर दुपारी खिडक्या लावून त्यांनी रात्र केली आणि सगळे शहाण्या मुलांसारखे झोपले. उंच माणसाचं डोकं माझ्या खांद्यावर आलं. जड होतं, पण झोपलेल्याला कसं हलवायचं? समोरच्या पडद्यावर नखाएवढं विमान होतं, ते सरकतच नव्हतं. एकदा बघितलं तर अकरा तास उरलेले. त्यानंतर मी सगळ्या नातेवाइकांचे जुने फोन नंबर आठवून काढले. पुन्हा बघितलं तर दहा तास पन्नास मिनिटं.

आता तुझी सहावी सूचना, लाल शाईने खाली रेघ मारलेली. खुर्ची न चालणाऱ्यांसाठी असते, ती आपण घेतली आहे, तेव्हा विमानात चालताना दिसू नकोस, उगाच उठबस करू नकोस. मी एकदाही उठले नाही. विमानातली मुलगी दोनदा विचारून गेली, चाकाच्या अरुंद खुर्चीवरून संडासापर्यंत नेऊ का म्हणून. माझे धडधाकट पाय त्या पोरीने उचलायचे? नको म्हटलं. मग पाणीच बंद केलं. बाटलीच्या टोपणाने दोनदा घेतलं तेवढंच. शेवटी शेवटी पाय दुसऱ्या कुणाचे वाटायला लागले. मध्ये एकदा सवयीने माझा हात वर गेला, बदलीची बाई यावी म्हणून. मुलगी धावत आली. तिला काय सांगणार? दोघी हसलो.

पण पकडली गेले नाही. वाटायचं, त्या लंगड्या बाईने मला ढकललं ते फुकट नाही घालवलं.

डावी पोटरी मात्र दोरखंड पिळल्यासारखी झाली आहे, सुजलीही आहे. धाकट्याला बोलले नाही, तूही सांगू नकोस. आल्या आल्या कुरकुर केली तर सूनबाई म्हणेल, मदत मागवली आणि आजारपण आलं. माझी शपथ आहे तुला.

लिहीत जा. तुझं पत्र मी दोनदा वाचते, एकदा मजकुरासाठी आणि एकदा तुझ्यासाठी.

आई

२५ मार्च

ती. ताईस,

सा. नमस्कार. आई मजेत. ठमी आमच्याकडे यायला तयार नाही इतकी तिला चिकटली आहे.

तुझा खुर्चीचा धसका मात्र खरा ठरला. आईला बसायची गोडी लागली. ठमीला मांडीवर घेऊन तास न् तास बसते, हाक मारली तरी तिथूनच ओ देते. काल मी म्हटलं, विमान उतरून आठवडा होत आला, आता चाललीस तरी कुणी पकडणार नाही. हसली, पण उठली नाही. सूनबाई म्हणाली, फार चिडवू नका, त्या पाय ओढतात असं वाटतं. मी म्हटलं, हे नाटक आहे, सोळा तासांची तालीम झाली आहे.

पर्समध्ये तुझा कसलातरी कागद आहे म्हणे. मागितला तर दाखवत नाही. माझी निंदा असणार. बाकी क्षेम. लोभाची लिफ्ट चालू आहे, वर-खाली होते तेवढंच.

धाकटा

१४ एप्रिल

चि. धाकट्यास,

आशीर्वाद. आज शब्द मोजून लिहिते आहे. पाच तारखेला फोनवर आपण दोघं जे बोललो ते मोजलेलं नव्हतं.

आई स्वयंपाकघरात कोसळली, पोटरीत धरलेली रक्ताची गाठ फुप्फुसात गेली, हे तू सांगितलंस. सात दिवस यंत्रांवर होती, आता साध्या खोलीत आणली, हे परवा कळलं. वाचली. पायात बळ नाही, उभी राहू शकत नाही, हेही कळलं.

मी कुणाला दोष देत नाही. फक्त इथल्या डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, अशा प्रवासात दर दोन तासांनी चार पावलं चाललं आणि पाणी पीत राहिलं तर सहसा असं होत नाही. आई का उठली नाही याचा तू विचार केलास का? मधल्या जागेवरच्या माणसाला उठायचं तर शेजारच्याला उठवावं लागतं. आई झोपलेल्याला उठवणारी नाही, हे तुला माहीत होतं. तरी ४१ ई. तुझ्या प्रत्येक लिफ्टमध्ये पाटी असते, किती माणसं आणि किती वजन. आईसाठी अशी पाटी लावायचं तुला सुचलं नाही. पाय ओढत होती ते तुझ्या बायकोला दिसलं, तुला त्यात नाटक दिसलं. मला आधी कळलं असतं तर मी त्याच दिवशी फोन केला असता.

हे कठोर वाटेल. मी स्वतःलाही इतक्याच कठोरपणे तपासते, हे तुला ठाऊक आहे.

आणखी एक. डॉक्टर हो म्हणाले तरी तिला इतक्यात पाठवू नकोस. इथे तीन जिने आहेत आणि माझी दौऱ्याची नोकरी. तुझ्याकडे लिफ्ट आहे.

लोभ ठेव. मी ठेवते आहे, कष्टाने.

ताई

२ जून

ती. ताईस,

नमस्कार. हे पत्र आई स्वतः घेऊन येते आहे. पाकीट चिकटवलेलं आहे. ती उघडणार नाही, तिला दुसऱ्याच्या लाइनवर कान न देण्याची सवय आहे.

डॉक्टरांनी लेखी परवानगी दिली आहे. पोटात घ्यायच्या गोळ्या, पायाचे घट्ट मोजे, सगळं सोबत आहे. जागा या खेपेला कडेची, आणि दर दोन तासांनी पाय हलवून घ्यायला विमानातल्या लोकांना सांगितलं आहे. दोन महिने आम्ही केलं. सूनबाईने पुन्हा काढलेली रजाही संपली, ठमी पाळणाघरात, आईला अंघोळीला न्यायला दोघं लागतात. आता आमच्याने होत नाही. तीन जिन्यांचं तू लिहिलंस. चार माणसं मिळाली तर खुर्चीसकट उचलता येतं, लिफ्ट बंद पडली की आम्ही तसंच करतो.

फॉर्म परत भरला. त्याच चौकोनात खूण केली, अजिबात चालू शकत नाही. या वेळी तुझी हरकत नसावी. माप बरोबर आहे.

आता सोबतचा कागद बघ. आईला दाखल केलं त्या दिवशी ओळखपत्रासाठी पर्स उघडली तेव्हा मिळाला. सहावी सूचना, लाल रेघ, आणि पुढे आईची पेन्सिलीची खूण. तुझं चौदा तारखेचं पत्र आलं तेव्हा हा माझ्या खिशात होता. फोन उचलून दोन वाक्यांत सांगता आलं असतं. मुद्दाम नाही सांगितलं. म्हटलं, ताईला अजून काय काय लिहायचंय ते लिहून होऊ दे. पण तू नंतर लिहिलंच नाहीस.

आईला तीनदा विचारलं. तिन्ही वेळा म्हणाली, मी माझ्या मनाने बसून राहिले, मोठीचा काही संबंध नाही. एकतीस वर्षं दुसऱ्यांचं खोटं ऐकून तिला स्वतःला ते काही जमलेलं नाही.

खुर्ची माझी होती, ते मी नाकारत नाही. रात्रंदिवस तेच डोक्यात असतं. पण तिला उठू दिलं नाहीस तू.

लिफ्ट नादुरुस्त असली की आम्ही दारावर तशी पाटी लावतो, लोक ताटकळू नयेत म्हणून. आपल्या लोभाचं तेवढं तरी करू.

धाकटा

२३ जून

चि. धाकट्यास,

आशीर्वाद घ्यावेत की नाही ते तू ठरव, मी पाठवते आहे.

आई पोचली. खालचा किराणावाला, त्याचा भाऊ आणि शेजारचे दोघे, अशा चौघांनी खुर्चीसकट वर आणली. दुसऱ्या मजल्यावर त्यांनी दम घ्यायला खुर्ची टेकली. आईने पूर्ण वेळ डोळे मिटून घेतले होते. सगळी दारं उघडी होती.

कागद मिळाला. अक्षर माझं आहे. पण तुझ्या पारड्यात पुरेसं वजन नाही, उरलेलं मी घालते. आईचं बावीस मार्चचं पत्र मला दोन एप्रिलला सकाळी ऑफिसात मिळालं. त्यात पोटरी सुजल्याचं लिहिलं होतं, आणि तुला सांगू नये अशी शपथ. डायरीतून उतरवते. दोन एप्रिल: आईची पोटरी दुखते, शब्द मोडावा का? तीन एप्रिल: शपथ मोडणं हाही खोटेपणाच, पण गप्प राहणं योग्य का? चार एप्रिल: उद्या रविवार, धाकटा घरी असेल, फोन करावा असं जवळजवळ ठरलं. पाचला तुझाच फोन आला. चौदा तारखेच्या पत्रात मी लिहिलं की आधी कळलं असतं तर त्याच दिवशी फोन केला असता. ते वाक्य लिहिताना आईचं पत्र टेबलावर उघडं होतं.

हे वाचून तुला बरं वाटेल. वाटू दे.

आता आईचं. इथले डॉक्टर म्हणाले, पाय गेलेले नाहीत, धरून धरून रोज दहा पावलं टाकली तर दोन महिन्यांत जिने उतरेल. आई त्यांच्यापुढे मान हलवते आणि बसून राहते. मी हात पुढे केला तर हात धरते, उठत नाही. कारण विचारलं. म्हणाली, चार माणसांनी मला खुर्चीसकट वाहून आणलं, सगळ्या इमारतीने बघितलं, आता मी चालताना दिसले तर तुला काय म्हणतील? मी म्हटलं, घरात कोण बघतंय. तिने माझ्याकडे बघितलं आणि मग खिडकीकडे.

ती मला जपते आहे की मला शिक्षा देते आहे, हे मला ओळखता येत नाही. आयुष्यभर खरं-खोटं माप पारखायची नोकरी केली.

गेल्या मंगळवारी दौरा रद्द झाला आणि मी दुपारीच परतले. दाराशी आले तर आतून काठीचा आवाज आला, मग पाय घासत टाकल्याचा. मी मोजलं. चौदा पावलं. किल्ली लावून आत गेले तर आई खुर्चीत, हात मांडीवर, धाप लागलेली. तिने भाजी काय आणली ते विचारलं.

आता मी रोज थोडी लवकर निघते. जिन्याच्या शेवटच्या पायरीवर उभी राहते. काल सव्वीस पावलं झाली. आवाज थांबला की किल्ल्या जोरात वाजवते आणि मनात दहापर्यंत मोजते, तिला बसायला वेळ मिळावा म्हणून.

फोन करू नकोस, पत्र लिही. लोभ जेवढा उरला असेल तेवढा असू दे, मी तोलणार नाही.

ताई